ऑल ब्लॅक्सचा कप्तान : डेव्ह गॅलहर

आधीच सांगून टाकते. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंटची. मराठी आमच्याकडे फक्त एका तासापुरतं असायचं आणि त्या तासालाही मी बहुतेक वेळा मागच्या बाकावर चिंचा खात असायचे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर दोष माझा, आणि नाही सापडल्या तर श्रेय माझ्या रूममेटचं. ती या विभागाची संपादिका आहे आणि तिनेच लेख दे नाहीतर मेसचं कुपन विसर अशी धमकी दिली होती.

विषय कसा सुचला तेही सांगते. आमच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात मेकॅनिकलच्या मुलांनी रस्सीखेच सुरू व्हायच्या आधी हाका नृत्य केलं. जीभ बाहेर, डोळे वटारलेले, मांड्यांवर थापा! सगळं ग्राउंड टाळ्या पिटत होतं. मग शिट्टी वाजली आणि सिव्हिलने त्यांना सरळ दोन डावांत ओढून नेलं. त्या रात्री होस्टेलवर हसता हसता आम्ही न्यूझीलंडच्या रग्बी टीमचे, म्हणजे ऑल ब्लॅक्सचे, खरे हाका बघत बसलो. एकातून दुसरा व्हिडिओ, दुसऱ्यातून तिसरा, असं करत मी १९०५ सालच्या एका ग्रुप फोटोपाशी पोचले. त्या टीमच्या कप्तानाचं नाव डेव्ह गॅलहर. रात्री दोनपर्यंत मी त्याच्याबद्दल वाचत बसले. दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सची टेस्ट होती, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

गॅलहर मुळात न्यूझीलंडचा नाहीच. त्याचा जन्म ३० ऑक्टोबर १८७३ चा, आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या रामेल्टन गावातला. वडील दुकानदार आणि आईपेक्षा वयाने बरेच मोठे. घरात भावंडांची ही मोठी रांग. १८७८ मध्ये हे सगळं कुटुंब लेडी जोसलिन नावाच्या जहाजात बसून न्यूझीलंडला निघालं. तिकडे कातिकाती नावाची एक नवी वसाहत उभी राहत होती. जमीन मिळेल, शेती कराल, राजासारखे राहाल असा प्रचार आयर्लंडमध्ये जोरात चालू होता. (ती जमीन सरकारने मावरी लोकांकडून युद्धानंतर जप्त केलेली होती, हे जाहिरातीत कोण लिहिणार!) प्रत्यक्षात जमीन निघाली हलकी, आणि दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला ती कसणं काही जमेना. मग आई, मारिया, गावच्या शाळेत शिक्षिका झाली. आठवड्याला दोन पौंड पगार, त्यावर एवढं मोठं घर. पुढे ती आजारी पडली, नोकरी गेली आणि १८८७ मध्ये कॅन्सरने वारली. डेव्ह तेव्हा तेरा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि तो कामाला लागला.

आडनावाचीही एक गंमत आहे. मूळ आडनावात इंग्रजीत आणखी एक जी होता, जो उच्चारात येत नाही. नव्या देशात लोक स्पेलिंगचा घोळ घालायला लागले म्हणून घरच्यांनी तो मधला जी काढूनच टाकला. माझं आडनाव आधार कार्डावर एक, मार्कशीटवर दुसरं आणि कॉलेजच्या आयडीवर तिसरं आहे, त्यामुळे मला हे फार पटलं.

पुढे तो मोठ्या भावाबरोबर ऑकलंडला आला. आधी पिठाच्या गिरणीत, नंतर मांस गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत मजूर. अख्खी जनावरं खांद्यावर वाहायची असं ते काम. तिथेच तो पुढे फोरमन झाला. सहा फूट उंची, आणि रोजच्या कामाने कमावलेलं अंग. जिमची फी वाचली! १८९५ पासून तो पॉन्सनबी क्लबकडून खेळायला लागला आणि १८९६ मध्ये ऑकलंडच्या संघात आला.

मग मध्येच युद्ध. १९०१ च्या जानेवारीत तो दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांविरुद्ध लढायला घोडदळात गेला आणि दीडेक वर्ष तिकडे राहिला. मलेरियाही झाला. (याच युद्धाच्या सुरुवातीला, गॅलहर तिथे पोचायच्या वर्षभर आधी, गांधीजी नाताळमधल्या भारतीयांचं पथक घेऊन जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेत होते. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन लोक एका पानावर कधी येणार नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.) १९०२ मध्ये तो परत आला तेव्हा अठ्ठाविशी उलटून गेली होती. आपल्याकडे या वयात खेळाडूला कोच हो म्हणतात. त्याचं खरं करिअर इथून सुरू झालं. १५ ऑगस्ट १९०३ ला सिडनीमध्ये न्यूझीलंडने पहिलावहिला टेस्ट सामना खेळला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि २२–३ ने जिंकला. गॅलहर त्या संघात होता. पुढच्या वर्षी ब्रिटनचा संघ न्यूझीलंडला आला, त्यालाही ९–३ ने हरवलं.

आणि मग १९०५. न्यूझीलंडचा संघ पहिल्यांदाच पूर्ण ब्रिटन-आयर्लंडच्या दौऱ्यावर निघाला. रिमुताका जहाज ३० जुलैला वेलिंग्टनहून सुटलं आणि ८ सप्टेंबरला प्लिमथला लागलं. म्हणजे चाळीस दिवस जहाजावर. आणि त्या जहाजावर जे घडलं ते मला सगळ्या दौऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

झालं असं की गॅलहरला कप्तान आणि बिली स्टीडला उपकप्तान रग्बी युनियनने नेमलं होतं. खेळाडूंनी निवडलं नव्हतं. कुरबुर सुरू झाली. हा ऑकलंडचा, तो दक्षिणेचा, आम्हाला कोणी विचारलंच नाही वगैरे. जहाजावर सगळं कानावर येतंच, पळून जाणार कुठे? गॅलहरने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि सरळ राजीनामा पुढे केला. स्टीडनेही तेच केलं. शेवटी मत घेतलं गेलं. २९ पैकी १७ जण नेमणुकीच्या बाजूने. म्हणजे बारा जण नव्हते! तरी त्याने ते बारा जण कोण याचा हिशेब ठेवत बसण्यापेक्षा सराव सुरू केला.

इथे मला स्वतःचं एक सांगायचंय. गेल्या वर्षी मुलींच्या कबड्डी टीमची कप्तान म्हणून यादीत माझं नाव लागलं. कोणी लावलं, का लावलं, मला माहीत नाही. माझ्यापेक्षा चांगल्या खेळणाऱ्या दोन सीनियर टीममध्ये होत्या. त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, प्रॅक्टिसला उशिरा यायला लागल्या. मला सगळं कळत होतं. पण मी विषय काढला नाही. विषय काढला असता आणि त्यांनी खरंच मत मागितलं असतं तर? झोनलच्या पहिल्याच मॅचला आम्ही हरलो. शेवटच्या चढाईच्या वेळी आमची साखळी तुटली, कारण माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात धरलाच नव्हता. तिने धरला नाही की मी पुढे केला नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

असो. गॅलहरकडे परत येऊ.

ब्रिटनमध्ये तेव्हा फॉरवर्ड लोकांची पद्धत अशी होती की स्क्रमपाशी जो आधी पोचेल तो आधी डोकं घालणार. जागा ठरलेल्या नाहीत. आपल्या एस.टी.त रुमाल टाकून सीट धरतात तसं. न्यूझीलंडमध्ये प्रत्येक माणसाची जागा आणि काम ठरलेलं होतं. जहाजावर रोज व्यायाम, रोज त्याच त्याच हालचाली. संघाबरोबर एक कोच पाठवलेला होता, पण तोही बऱ्याच जणांना नको होता, त्यामुळे शिकवण्याचं बरंचसं काम गॅलहर आणि स्टीडच करत.

आता थोडं मेकॅनिक्स, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड खांद्याला खांदा लावून एकमेकांना ढकलतात आणि मधे टाकलेला चेंडू पायाने मागे ओढायचा प्रयत्न करतात. ब्रिटिश संघ यात आठ माणसं घालायचे, पुढच्या ओळीत तीन. न्यूझीलंडवाले सातच घालायचे, २-३-२ अशी रचना. पुढे दोनच, म्हणजे आकार पाचरीसारखा. पाचर काय करते ते पहिल्या वर्षाला सगळ्यांनी शिकलंय, सगळा जोर थोड्या जागेत! चेंडू त्या दोघांमधून सपकन मागे निघून यायचा. आणि वाचलेला आठवा माणूस? तो स्क्रमच्या बाहेर, बाजूला उभा. त्याला विंग-फॉरवर्ड म्हणायचे. चेंडू आत टाकायचं काम त्याचं. टाकला की तो एका हाताने स्क्रमला चिकटून तिथेच उभा राहायचा. चेंडू मागे गेला की समोरचा हाफबॅक त्यावर झडप घालायला धावणार, तर मधे हा सहा फुटांचा माणूस!

हा आठवा माणूस म्हणजे स्वतः गॅलहर.

पहिला सामना १६ सप्टेंबरला डेव्हनशी. डेव्हन जिंकणार असंच सगळ्यांना वाटत होतं. न्यूझीलंडने ५५–४ ने हरवलं. तारेतून आकडे आल्यावर काही वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वाटलं की चूक झालीये, स्कोअर उलटा असणार. मग कॉर्नवॉल ४१–०. ब्रिस्टल ४१–०. हार्टलपूल ६३–०. त्या काळी ट्रायला तीनच गुण होते हे लक्षात घ्या, आणि मग हे आकडे परत वाचा. काळी जर्सी, काळी चड्डी, काळे मोजे, म्हणून पेपरवाले त्यांना ऑल ब्लॅक्स म्हणायला लागले आणि ते नाव या दौऱ्यात चिकटलं ते कायमचं. ऑल बॅक्स लिहायचं होतं आणि छापखान्याने एक अक्षर जास्त टाकलं अशी एक गोष्ट सांगतात. ती गोड आहे, पण खरी नाही.

जसजसे सामने जिंकत गेले तसतशी गॅलहरवर टीका वाढत गेली. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. पेपरात त्याच्या खेळाला सरळ चीटिंग म्हटलं जायचं. अडवणूक करतो, चेंडू वाकडा टाकतो, नियमाच्या भोकातून निसटतो. त्याचं म्हणणं असं की नियमात जे लिहिलंय त्याच्या बाहेर मी काहीच करत नाही, आणि माझी जागा बदनाम झालीये ती आम्ही जिंकतोय म्हणून.

मी यावर बराच विचार केला. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं. स्क्रमला चिकटून उभं राहणं नियमात बसत होतं. पण तिथे उभं राहण्याचा हेतू काय, हे ग्राउंडवरच्या प्रत्येकाला दिसत होतं. आम्ही असाइनमेंट करताना सरांनी अमुक करू नका असं म्हटलेलं नाही ना, मग करू, असं म्हणतो, त्याच जातीचा हा युक्तिवाद. १९३२ मध्ये नियम बदलले, पुढच्या ओळीत तीन माणसं सक्तीची झाली आणि विंग-फॉरवर्ड ही जागाच खेळातून गेली. पण १९०५ मध्ये ती होती, आणि त्याच्यासारखी ती कोणी खेळत नव्हतं.

स्कॉटलंडची गोष्ट मजेदार आहे. पाहुण्या संघाला ठरावीक रकमेची हमी द्यायला स्कॉटिश युनियनने नकार दिला. गर्दी होणार नाही असं त्यांना वाटलं. त्याऐवजी तिकीटविक्रीतून खर्च जाऊन उरेल ते घ्या म्हणाले. गर्दी इतकी लोटली की न्यूझीलंडला हमीपेक्षा कितीतरी पट पैसे मिळाले! सामनाही तसाच. स्कॉटलंड ७–६ ने पुढे होतं, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन ट्राय करून न्यूझीलंड १२–७ ने जिंकलं. खेळाडूंना मात्र रोजचे तीन शिलिंग भत्ता, बाकी काही नाही. आयर्लंडला, म्हणजे त्याच्या जन्मभूमीला, १५–० ने हरवलं तेव्हा तो दुखापतीमुळे बाहेर बसला होता. इंग्लंडलाही १५–०.

सत्तावीस सामने, सत्तावीस विजय. मग १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ, समोर वेल्स.

त्या दिवशी सत्तेचाळीस हजार लोक होते. न्यूझीलंडने हाका केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गनने आपलं राष्ट्रगीत सुरू केलं आणि हळूहळू सगळं मैदान गायला लागलं. मॅचच्या आधी राष्ट्रगीत म्हणायची जी पद्धत आज जगभर आहे, ती इथून सुरू झाली असं सांगतात. वेल्सने अभ्यास करून ठेवला होता. त्यांनीही एक माणूस स्क्रमच्या बाहेर काढला, म्हणजे न्यूझीलंडचंच शस्त्र न्यूझीलंडवर. रेफ्री होते जॉन डॅलस, स्कॉटलंडचे, वय सत्तावीस, अंगावर साधे बाहेर जायचे कपडे आणि पायात साधे बूट. त्यांनी चेंडू वाकडा टाकल्याबद्दल गॅलहरला पुन्हा पुन्हा पकडलं. शेवटी गॅलहरने आपल्या लोकांना सांगून टाकलं की स्क्रममध्ये चेंडूसाठी झगडूच नका, घेऊ दे त्यांना. विचार करा, ज्या हत्यारावर सत्तावीस सामने जिंकले ते त्याने चालू सामन्यात खाली ठेवलं. हा निर्णय बरोबर होता का? मला अजूनही वाटतं नव्हता. सारखी पेनल्टी जाण्यापेक्षा ते बरं असं त्याने मोजलं असणार, पण चेंडूच हातात नसेल तर खेळणार काय?

मॉर्गनने कोपऱ्यात ट्राय केला. ३–०. दुसऱ्या हाफमध्ये बॉब डीन्स लाइनपर्यंत धावत गेला आणि पडला. न्यूझीलंडवाले म्हणतात ट्राय झाली होती आणि वेल्सच्या लोकांनी त्याला मागे ओढलं. वेल्सवाले म्हणतात लाइनच्या अलीकडेच पडला होता. रेफ्री साध्या बुटात घसरत मागून येत होते, त्यांनी ट्राय दिली नाही. कॅमेरा नाही, थर्ड अंपायर नाही, आणि म्हणून शंभर वर्षांच्या वर हे भांडण चालूच आहे. बिचारा डीन्स १९०८ मध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर चोविसाव्या वर्षी गेला. शेवटपर्यंत आपण ट्राय केली होती असंच तो म्हणत होता.

आणि गॅलहर? मॅच संपल्यावर त्याला विचारलं गेलं की काही तक्रार आहे का. चांगला संघ जिंकला आणि मी समाधानी आहे, एवढ्याच अर्थाचं तो बोलला. रेफ्रीबद्दल एक शब्द नाही. मग त्याने आपली जर्सी काढून वेल्सच्या डाय जोन्स या फॉरवर्डला देऊन टाकली. तीच जर्सी २०१५ मध्ये कार्डिफला लिलावात एक लाख ऐंशी हजार पौंडांना गेली. मी रुपयांत हिशेब केला आणि कॅल्क्युलेटर बंद करून ठेवला.

त्यानंतर वेल्समध्येच आणखी चार सामने होते. थकलेला, मार खाल्लेला संघ, पण एकही हरला नाही. कार्डिफशी १०–८, स्वान्सीशी ४–३, इतके जवळून. १ जानेवारी १९०६ ला पॅरिसमध्ये फ्रान्सशी ३८–८, तो फ्रान्सचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. पूर्ण दौऱ्याचा हिशेब : ३५ सामने, ३४ विजय, केलेले गुण ९७६, दिलेले ५९. गॅलहर त्यातले २६ सामने खेळला.

परत जायच्या आधी एका प्रकाशकासाठी गॅलहर आणि स्टीडने रग्बीवर तीनशेच्या वर पानांचं पुस्तक लिहून दिलं. प्रत्येकी पन्नास पौंड मिळाले. बहुतेक मजकूर स्टीडचा, जो व्यवसायाने बूट बनवणारा होता, आणि आकृत्या बहुतेक गॅलहरच्या. म्हणजे ड्रॉइंगचं जर्नल गॅलहरचं आणि थिअरीचं स्टीडचं. ग्रुप प्रोजेक्ट असावा तर असा.

खेळणं त्याने तिथेच थांबवलं. १९०६ मध्ये लग्न केलं, १९०८ मध्ये नोरा झाली. ऑकलंडचा आणि राष्ट्रीय संघाचाही तो निवड समितीवर होता. इथे त्याची दहा वर्षं मी दोन ओळींत संपवतेय, पण सुखाच्या दिवसांवर लिहिण्यासारखं नेहमीच कमी असतं.

१९१६ च्या मे महिन्यात त्याने पहिल्या महायुद्धासाठी नाव नोंदवलं. वय बेचाळीस. सक्तीच्या भरतीतून त्याला वयामुळे सूट होती. धाकटा भाऊ डग्लस फ्रान्समध्ये मारला गेला म्हणून बदला घ्यायला तो गेला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पण तारखा जुळत नाहीत. डग्लस गेला ३ जूनला, आणि गॅलहरचं नाव त्याआधीच लागलेलं होतं. म्हणजे तो कोणाच्या बदल्यासाठी गेला नाही. मग कशासाठी? त्याचं चरित्र लिहिणारे म्हणतात कर्तव्य म्हणून. मला हे उत्तर पुरत नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याचं जहाज सुटलं तेव्हा नोरा आठ वर्षांची होती.

माझे बाबा फौजेत होते. मी तिसरीत असताना त्यांची फील्ड पोस्टिंग आली. काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर, आणि स्टेशनवर ती ट्रंक उचलताना त्यांनी माझ्याकडे न बघता आईला गॅसचं बिल कुठे ठेवलंय ते सांगितलं. ते परत आले, आता घरी आहेत, आणि टीव्हीवर क्रिकेट बघताना अंपायरला शिव्या देतात. त्यामुळे मी गॅलहरबद्दल जे वाचते त्यात मला नोरा आधी दिसते, त्याला काय करणार.

४ ऑक्टोबर १९१७. बेल्जियममध्ये पाशेंडालच्या मोठ्या लढाईतला ग्रेव्हनस्टाफेलच्या चढावरचा हल्ला. तोफगोळ्याचा तुकडा हेल्मेट भेदून आत गेला. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन दवाखान्यात सार्जंट गॅलहर वारला. चव्वेचाळीसावा वाढदिवस सव्वीस दिवसांवर होता. पुढच्या वर्षी आणखी एक भाऊ, हेन्री, तोही गेला. त्या महायुद्धात एकूण तेरा ऑल ब्लॅक्स मेले.

ऑकलंडमध्ये १९२२ पासून क्लब संघ गॅलहर शील्डसाठी खेळतात. २००० पासून न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्यात त्याच्या नावाची ट्रॉफी आहे. २०११ मध्ये ईडन पार्क स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला.

त्याची कबर पोपेरिंगे गावाजवळच्या नाइन एल्म्स दफनभूमीत आहे. दगडावर न्यूझीलंडचं फर्नचं पान कोरलंय. वय मात्र चुकीचं आहे, खऱ्यापेक्षा कमी, कारण सैन्याच्या कागदांवर त्याची जन्मतारीखच तीन वर्षांनी पुढची लागली होती. आमच्या आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांच्या सगळ्या भावांचीही १ जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून होती, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहून टाकली. खरी कोणती ते आजोबांच्या आईला ठाऊक होतं. गॅलहरची खरी तारीख त्याच्या आईला ठाऊक असणार, पण ती कातिकातीला गेली त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.